चार वर्तमानकाळांचे गाऱ्हाणे

मी एक जुना तक्ता आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी वैतागलेला तक्ता आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर शेजारच्या कॅलेंडरकडे जा. त्याच्याकडे दर महिन्याला नवे चित्र असते. माझ्याकडे गेली तीस वर्षे तीच चार घरे आहेत: इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ, चालू वर्तमानकाळ, पूर्ण वर्तमानकाळ आणि चालू पूर्ण वर्तमानकाळ. माणसांना ही चारही घरे रोज लागतात. पण माणसे पहिल्या घराच्या उंबऱ्यावरच बसून राहतात आणि पुढची तीन घरे ओस पडतात.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. जाड कागद, त्यावर निळी-तांबडी अक्षरे, मागून चिकटवलेले कापड, वर-खाली लाकडी पट्ट्या आणि टांगायला सुतळी. छापणाऱ्याला इंग्रजी येत नव्हते, पण त्याचा हात स्वच्छ होता. "हा पन्नास वर्षं टिकेल," असे तो म्हणाला तेव्हा मी फुगलो होतो. टिकणे वेगळे आणि उपयोगी पडणे वेगळे, हे मला पुढे कळले.

तिथून मी एका शाळेत गेलो. इंग्रजीच्या बाई मनाने चांगल्या होत्या, पण त्यांच्या हातात एक लांब लाकडी पट्टी असे. 'आय गो, यू गो' इथपर्यंत त्या शांत असत. 'ही गोज' आले की त्यातल्या शेवटच्या ईएसवर पट्टी आपटून विचारत, "हा कोणी खाल्ला? कोणी खाल्ला हा?" कारण मुले तो ईएस हमखास खात. दिवसाला चार वर्ग, वर्गाला वीस-पंचवीस टोले. मुले एका सुरात ओरडत आणि बाहेरून जाणारे मुख्याध्यापक मान डोलावत. माझे कौतुक होई. एकदा एका मुलीने विचारले, "बाई, मी आत्ता डबा खातेय, हे कसं सांगायचं?" बाई म्हणाल्या, "ते दुसऱ्या घरात आहे. पुढच्या महिन्यात." पुढच्या महिन्यात परीक्षा आली, आणि परीक्षेत पहिल्या घरावरचेच प्रश्न होते. त्या मुलीने तो डबा इंग्रजीत कधी खाल्लाच नसावा.

बारा वर्षे टोले खाऊन त्या ईएसचा आधी रंग गेला, मग कागद गेला. ज्या अक्षरासाठी बाईंनी घसा कोरडा केला तेच नेमके नाहीसे झाले आणि माझ्या अंगावर उरले 'ही गो'. बाईंच्या ते लक्षातही आले नाही. त्यांना पाठ होते ना. पाठ असलेल्या गोष्टीकडे बघतो कोण?

पुढे शाळेत भिंतीभर पडदे आले आणि मला गुंडाळून जिन्याखाली टाकले. तिथे सात वर्षे गेली. उंदरांनी माझी सुतळी खाल्ली. शेवटी शिपायाने मला त्याच्या मेहुण्याला दिले. मेहुणा वायरमन होता. त्याने मला उलगडले, वितीने मापले आणि म्हणाला, "बरोबर बसेल." मला वाटले, आता कुठल्या तरी वर्गात जायचे. त्याने मला आठ मजली इमारतीच्या तळघरात नेले आणि नवी सुतळी बांधून उघड्या फ्यूजबोर्डावर टांगले. वर्तमानकाळ शिकवायला नव्हे, भोक झाकायला.

ती इमारत डॉक्टरांची होती. दातांचे, डोळ्यांचे, हाडांचे, एक्स-रेवाले, सगळे एकावर एक. तळघरातली खोली लिफ्टची होती. तिथे एक टेबल, एक संगणक, दोन्ही लिफ्टशी बोलायचा फोन आणि एक सुपरवायझर. लिफ्ट ज्या कंपनीच्या होत्या तिचे ऑफिस फार लांब. तिथल्या माणसांना आपली भाषा येत नसे. त्यामुळे लिफ्टचे दुखणे इंग्रजीत लिहून कळवावे लागे. ऑफिसने तक्रारीचा नंबर दिला की मगच गावातला मिस्त्री हातात पाना घेई. सुपरवायझर ही सगळी दुखणी माझ्या पहिल्या घरात कोंबत असे. पुढची घरे त्याला कधी लागलीच नव्हती.

भिंतीला कान असतात म्हणतात. तोंड मात्र कुणी दिलेले नाही. मी रोज चुका ऐकत होतो आणि फ्यूजची ऊब पाठीवर घेत गप्प लटकत होतो.

मग एक दिवस बातमी आली की लिफ्टला नवी बटणे बसणार. माणसे स्वतःच बटण दाबून जातील, लिफ्ट चालवायला कुणी नको. चालवणारे दोघे होते. एक नंबरच्या लिफ्टवर पोपटराव. हे त्यांचे खरे नाव नव्हे, पण त्यांना सगळ्या मजल्यांवरच्या डॉक्टरांच्या डिग्र्या पाठ होत्या म्हणून सगळे तसे म्हणत. दोन नंबरवर लिफ्टवाल्या मावशी. चौदा वर्षे त्या स्टुलावर बसून त्यांनी अर्ध्या गावाला डॉक्टरपर्यंत पोचवले होते. आता दोघांपैकी एकाला तळघरातले टेबल, म्हणजे लिफ्टचे फोन घ्यायचे आणि कंपनीला इंग्रजीत कळवायचे काम, मिळणार होते आणि दुसऱ्याच्या हातात झाडू येणार होता. आठ मजल्यांचा जिना, दिवसातून दोनदा. मावशींचा डावा गुडघा तीन वर्षांपासून दुखत होता. त्याच इमारतीत हाडांचे डॉक्टर पाचव्या मजल्यावर होते आणि त्यांनी सांगितले होते, जिना चढू नका.

टेबलासाठी इंग्रजीची परीक्षा होती. तीस वाक्ये, तीस गुण, अठराला पास. दोघेही पास झाले तर जागा जुन्या माणसाला, असा नियम. म्हणजे मावशींनी फक्त पास व्हायचे होते.

त्या दिवसापासून मावशी चहाच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन उभ्या राहू लागल्या. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याकडे बघून प्रश्न विचारणारे ते दुसरेच माणूस. पहिली ती डब्याची मुलगी.

खोलीबाहेरच्या बाकावर वॉचमन घोरत होता. मावशींनी सुपरवायझरला विचारले, "वॉचमन झोपलाय. हे कसं म्हणायचं?"

"सोपं आहे," सुपरवायझर म्हणाला. "झोपला, म्हणजे स्लेप्ट. आहे, म्हणजे हॅज. वॉचमन हॅज स्लेप्ट. तिसरं घर."

मावशींनी तिसरे घर वाचले. खालचा मराठी अर्थही वाचला: क्रिया पूर्ण झाली आहे. "म्हणजे झोप झाली त्याची?"

"झाली."

"मग उठवा की त्याला. इथे तर घोरणं चालू आहे."

"मावशी, व्याकरणात घोरणं येत नाही," असे म्हणून सुपरवायझरने विषय मिटवला. मी आतल्या आत तडफडलो. अहो, आपली भाषा झोपलेल्याला 'झोपलाय' म्हणते, बसलेल्याला 'बसलाय' म्हणते, पण इंग्रजीला शब्दाशी शब्द लावलेला चालत नाही. ती विचारते, आत्ता चालू आहे का? चालू आहे ना? मग 'इज स्लीपिंग', घर दुसरे. एवढे साधे उत्तर माझ्या अंगावर छापलेले होते आणि ते सांगायला मला जीभ नव्हती.

पण मावशी हटल्या नाहीत. त्यांनी माझी चार घरे आपल्या लिफ्टमध्ये नेली. दोन दिवसांनी त्या आल्या आणि मलाच सांगितल्यासारखे बोलल्या, "पहिलं घर म्हणजे लिफ्टमधली पाटी. ही लिफ्ट आठव्या मजल्यापर्यंत जाते. आत्ता जात असो नसो, पाटी तेच म्हणते. दुसरं घर म्हणजे दारावरचा बाण. पेटलाय तोवर चाललीय. तिसरं म्हणजे आकडा. पाच दिसला, म्हणजे पाचव्यावर पोचलीय, आता दार उघडा." चौथ्या घरावरून बेलची तार लोंबत होती. त्यांनी ती बाजूला केली, बराच वेळ वाचले आणि हसल्या. "आणि हे म्हणजे खाली रांगेत ओरडणारे. अहो मावशी, केव्हाचे उभे आहोत."

मी जुना कागद, मला रडता येत नाही. येत असते तर त्या दिवशी शाई ओघळली असती. एवढे चांगले मला छापणाऱ्यालाही सांगता आले नसते.

आणि तरी मावशी नापास झाल्या. एका गुणाने.

त्यांनी उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली. वेळ संपल्याने शेवटची अकरा वाक्ये कोरी राहिली होती, पण लिहिलेली कठीण वाक्ये सगळी बरोबर होती. दोन ठिकाणी लाल फुली होती आणि दोन्ही ठिकाणी त्यांनी लिहिले होते, 'ही गो' आणि 'लिफ्ट गो'. मावशींनी बोट माझ्या पहिल्या घरावर ठेवले. "मी तक्त्यात आहे तेच लिहिलं."

सुपरवायझर वाकून बघू लागला. "अरे, खरवडलं गेलंय इथलं. 'गोज' आहे ते. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत होतं तर कुणी लिहून का नाही ठेवलं?"

त्याने उत्तरपत्रिका उलटी करून ठेवली. बाईंच्या पट्टीचा राग मला तेव्हा आला. स्वतःचा त्याहून जास्त आला. माणसे चुकीची शिकतात म्हणून मी वर्षानुवर्षे कुरकुरत होतो आणि ज्या एका बाईने मला नीट वाचले तिला मीच चुकीचे शिकवले. मावशींनी टेबलावरचे मार्कर उचलले, भोकाच्या बाजूला ठळक ईएस लिहिला, टोपण लावले आणि आपल्या लिफ्टवर निघून गेल्या.

पोपटराव पाठांतरावर पास झाले आणि टेबल त्यांना मिळाले. एक नंबरला नवी बटणे बसली होती, दोन नंबरची यायला अजून तीन आठवडे होते, तोवर मावशी ती लिफ्ट चालवत होत्या. त्यातल्याच एका दुपारी ती लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकली. आत मावशी, दात काढून तोंडात कापूस धरलेला एक माणूस, आणि छातीचा एक्स-रे काढून आलेले एक म्हातारे आजोबा. आजोबांना दम लागला होता.

लिफ्टमधून फोन आला. पोपटरावांनी आधी मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री म्हणाला, "नंबर आला की आलोच म्हणून समजा." मित्रांनो, हा आणखी एक घोळ. 'आलोच' म्हणणारा माणूस अजून घरातून निघालेलाही नसतो. जे झालेच नाही त्याला आपण झाले म्हणतो, आणि मग इंग्रजीत गेल्यावर काळ सापडत नाही म्हणून रडतो.

पोपटरावांनी कंपनीला इंग्रजीत निरोप पाठवला आणि मोठ्याने वाचून दाखवला. "लिफ्ट टू स्टॉप्स बिट्वीन थर्ड अँड फोर्थ फ्लोअर." स्टॉप्स, शेवटच्या 'एस'सकट, एकदम शुद्ध. सुपरवायझरने मान डोलावली, अगदी त्या मुख्याध्यापकांसारखी. दहा मिनिटांनी उत्तर आले: आभारी आहोत, महिन्याच्या भेटीत तपासू.

"आभार मानलेत, म्हणजे निघाले असतील," सुपरवायझर म्हणाला.

आणखी दहा मिनिटे गेली. फोनवर मावशींचा आवाज होता, त्याच्या मागे आजोबांचा श्वास ऐकू येत होता. "अहो, कुणी आलं का? काय लिहिलंत ते वाचा बरं."

पोपटरावांनी वाचले.

"थांबते? थांबते असं लिहिलंत?" मावशी म्हणाल्या. "लिफ्टचं कामच आहे थांबणं. ते म्हणत असतील, थांबते तर थांबू द्या. पाटी नका लिहू हो, आकडा लिहा. थांबलीय. हॅज स्टॉप्ड."

पोपटराव टाइप करू लागले. "आणि माणसं? पीपल स्टँड इनसाइड?"

"उभी असतात नव्हे, उभी आहेत. आत्ता. बाण पेटलाय. आर स्टँडिंग." मग त्यांचा आवाज जरा चढला. "आणि केव्हापासून ते लिहा. त्याशिवाय त्यांना कळायचं नाही. चौथं घर बघा, तारेच्या मागे."

पोपटराव खुर्चीवरून उठले आणि माझ्यासमोर आले. त्यांनी तार उचलली. माझे चौथे घर छापखान्यातून आले तसे कोरे करकरीत होते, त्याला कुणाची पट्टी कधी लागलीच नव्हती. त्यांनी एकेक शब्द वाचून टाइप केला: दे हॅव बीन स्टँडिंग फॉर ट्वेंटी मिनिट्स. वन ओल्ड मॅन इज नॉट ब्रीदिंग वेल.

दोन मिनिटांत नंबर आला. पंधरा मिनिटांत मिस्त्री आला. आजोबांना खुर्चीत बसवून वर डॉक्टरांकडे नेले आणि संध्याकाळी ते स्वतःच्या पायांनी घरी गेले. मावशी लिफ्टमधून बाहेर आल्या आणि आधी गुडघा धरून पायरीवर बसल्या.

तुम्हाला वाटेल, आता तरी न्याय झाला. कसला न्याय आणि कसले काय. आठवड्याने कंपनीचे पत्र आले: टेबलावरच्या माणसाने दुसरा निरोप फार नेमका लिहिला, त्याचे अभिनंदन. टेबलावरचा माणूस म्हणजे पोपटराव. त्यांनी मान खाली घातली, पण पत्र परत केले नाही. दोन नंबरलाही नवी बटणे बसली. मावशींच्या हातात झाडू आला. आणि तिथून पुढे तीन महिने जे चालले ते बघून माझी सुतळी तुटायची वेळ आली. काहीही लिहायचे झाले की पोपटराव जिन्यात जाऊन हाक मारत, "मावशी, जरा खाली या ना." लिफ्ट आता फक्त रुग्णांसाठी होती, म्हणून मावशी सहाव्या मजल्यावर झाडू ठेवून कठडा धरत खाली येत, दोन ओळी सांगत आणि पुन्हा चढत. टेबल एकाचे, डोके दुसरीचे, गुडघाही तिचाच. पोपटराव दुष्ट नव्हते. चहाचा कप पुढे करत. पण चहाने गुडघा बरा होत नाही.

मग तिमाही रिपोर्टचा दिवस आला. कुणी अडकलेले नव्हते, कुणाचा जीव धोक्यात नव्हता, फक्त दोन पाने इंग्रजी लिहायचे होते. या वेळी सुपरवायझरने स्वतः हाक मारली. मावशी आल्या. दारातच उभ्या राहिल्या, झाडू हातात तसाच.

"बसा मावशी, रिपोर्ट लिहून टाकू."

मावशी शांतपणे म्हणाल्या, "आय डोंट राइट. आय स्वीप."

सुपरवायझर हसला. शिकवायची संधी तो सोडत नसे. "आत्ता वेळ नाही का? मग तसं नाही म्हणायचं. आय ॲम नॉट रायटिंग म्हणायचं. डोंट राइट म्हणजे लिहीतच नाही. ते आपलं कामच नाही, असा अर्थ होतो."

"तेच म्हणतेय मी," मावशी म्हणाल्या.

सुपरवायझरने आयुष्यात पहिल्यांदा साधा वर्तमानकाळ बरोबर समजावून सांगितला होता आणि त्याच क्षणी त्याला स्वतःलाही तो कळला. पोपटराव संगणकाकडे बघत बसले. मावशी जिन्याकडे वळल्या.

रिपोर्ट पोपटरावांनीच लिहिला. एक नंबरच्या लिफ्टचे दार महिनाभर नीट लागत नव्हते, आणि त्यांनी घाबरून जे पाठ होते तेच लिहिले: लिफ्ट वर जाते, लिफ्ट खाली येते, दार उघडते, दार लागते. कंपनीने उत्तर दिले, सर्व ठीक असल्याचे वाचून आनंद झाला. तेव्हा पोपटराव उठले आणि सुपरवायझरला म्हणाले, "साहेब, त्या अभिनंदनाच्या पत्रातलं मी काहीच लिहिलं नव्हतं. मला जिना द्या, माझे गुडघे चांगले आहेत." सुपरवायझरने कंपनीला कळवून परीक्षा पुन्हा घ्यायला लावली. त्याचा मसुदाही मावशींना विचारून करावा असे त्याला फार वाटत होते, पण हिंमत झाली नाही. या वेळी मावशींनी 'गोज' लिहिले आणि पास झाल्या.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही माझ्यासारखा एखादा तक्ता असेल. त्याच्यावरची धूळ पुसा, सुतळी बघा, पण त्याला ओवाळल्यासारखे म्हणून दाखवू नका. त्याला विचारा. आत्ता खाताय त्या डब्याला काय म्हणायचे ते विचारा. पुढच्या महिन्यात म्हणून सांगितले तर पुन्हा विचारा. आणि त्याच्यावरचे एखादे अक्षर गेलेले दिसले, तर सगळ्यांना माहीत आहे म्हणून पुढे जाऊ नका. तुमच्यामागून येणाऱ्याला ते माहीत नसते.

माझ्याखालच्या टेबलाशी आता मावशी बसतात. नीट वाचा. 'बसल्या आहेत' असे मी म्हटलेले नाही. तशा त्या पूर्वीही कुणी बोलावले की घटकाभर बसलेल्या असत. मी म्हटले आहे, बसतात.